पेन्सिलीतलं नाव

गेल्या आठवड्यात संपत पाटील घरी आला होता. माझा जुना विद्यार्थी. आता त्यालाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्या भूगोल विभागाचा इतिहास कुणीतरी लिहायला घेतला आहे आणि जुन्या फोटोंखालची नावं तपासून देण्याचं काम संपतकडे आलं आहे. त्यानं पिशवीतून विभागाच्या दशकपूर्तीची स्मरणिका काढली आणि एका फोटोवर बोट ठेवलं.

"सर, हे आपले चौगुले की."

नृसिंहवाडीच्या घाटावरचा फोटो. पायऱ्यांवर एम.ए.ची मुलं दोन रांगांत बसलेली. मध्ये विभागप्रमुख इनामदार सर, त्यांच्या शेजारी मी, तेव्हा सव्वीस वर्षांचा. आणि उजव्या कडेला, सगळ्यांपासून चार हात लांब, पांढरा लेंगा-शर्ट आणि टोपी घातलेला एक माणूस मिटलेली छत्री धरून उभा. खाली छापलं आहे : 'उजवीकडे छत्री घेऊन उभा, विभागाचा शिपाई.'

"शिपाई कुणी केलं त्यास्नी?" संपत म्हणाला. "छापणाऱ्याची चूक दिसती."

"असेल," मी म्हणालो.

"मग काय लिहू?"

"आठ दिवसांनी ये. सांगतो."

चूक छापणाऱ्याची नव्हती. स्मरणिकेचा संपादक मी होतो आणि ती ओळ माझ्या हातची आहे. मी ऐंशी ओलांडली. ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागली असती ती माणसं एकेक करून गेली. तरीही लिहायला बसलो तेव्हा दोन दिवस पहिल्या ओळीपुढे सरकलो नाही. संस्थेचं नाव लिहीत नाही. जे झालं त्यात तिचा दोष नव्हता. दोष एका तरुण अधिव्याख्यात्याचा होता आणि तो अधिव्याख्याता मी.

बाबूराव चौगुले उचगावचे. भूमापन खात्यात मोजणीदार. शेताच्या हद्दी मोजायच्या, साखळी ओढायची, दगड रोवायचे, नकाशा काढायचा हे त्यांचं काम. वय अडतीसच्या आसपास. उजवा गुडघा बांधावरून घसरून दुखावलेला, त्यामुळे चालताना किंचित कलायचे. नोकरी सांभाळून बी.ए.ला बहिःस्थ बसत होते, शेवटच्या वर्षाला. एम.ए.च्या वर्गाशी त्यांचा संबंध येण्याचं कारण नव्हतं.

आला तो असा. इनामदार सरांनी खात्याकडून एका गावाचा नकाशा मागवला होता. तो घेऊन चौगुले आले तेव्हा सरांचा तास चालू होता. सर फळ्यावर समोच्च रेषा काढून डोंगर कसा वाचायचा ते शिकवत होते. नकाशाची गुंडाळी काखेत धरून चौगुले दारातच उभे राहिले आणि तास संपेपर्यंत हलले नाहीत. मी मागच्या बाकावर बसलो होतो, नवीन असल्यानं सरांचे तास ऐकायचो.

"काय पावणं," सर हसत म्हणाले, "कळलं का काही?"

"कळलं साहेब." मग थोडं थांबून, "पर त्या डोंगराचं पाणी कुठनं उतरतंय ते दावलं न्हाई तुम्ही. वरच्या दोन रेघा एकमेकीला छेदल्यात. तसा डोंगर नसतोय."

वर्ग हसला. सरांनी वळून फळ्याकडे पाहिलं. रेघा खरंच छेदल्या होत्या. त्यांनी हातातला खडू चौगुल्यांपुढे धरला. चौगुल्यांनी आधी चपला दाराबाहेर काढल्या आणि मगच आत आले. त्यांच्या त्या चपला इतक्या करकरायच्या की पुढे वर्षभर ते व्हरांड्यात वळले की आम्हाला वर्गात कळायचं. पण वर्गात त्यांचं पाऊल कधी वाजलं नाही. एम.ए.च्या वर्गात अनवाणी बसणारा तेवढा एकच विद्यार्थी मी पाहिला.

त्याच आठवड्यात सरांनी त्यांना तिसऱ्या पेपरला, म्हणजे नकाशाशास्त्र आणि क्षेत्रसर्वेक्षणाला, बसायला सांगितलं. आमच्याकडे तशी सोय होती. खालच्या पदवीचा एखादा विद्यार्थी तयारीचा असेल तर त्याला वरचा एक पेपर घेता यायचा. त्याची पद्धत ठरलेली होती. हजेरीपटात वर्गाची नावं संपली की तांबडी रेघ मारायची आणि तिच्याखाली बाहेरच्याचं नाव पेन्सिलीनं लिहायचं. कार्यालयाची मंजुरी आली की पेपर शिकवणाऱ्यानं त्या नावावर शाई फिरवायची. वर्षाअखेर हजेरी भरली असा त्यानंच दाखला द्यायचा, मग त्या विद्यार्थ्याचं नाव परीक्षेच्या यादीत जायचं. तिसरा पेपर माझ्याकडे होता. चौगुल्यांचं नाव मीच लिहिलं, त्यांच्या देखत, पेन्सिल दाबून.

त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्यातबी असंच असतंय सर. नवी हद्द आधी पेन्सिलीनं. हरकती ऐकायच्या, मग शाई. पेन्सिलीची हद्द म्हंजे अजून काय खरी न्हवं."

आता हे आठवलं की वाटतं, त्या माणसानं मला तेव्हाच सगळं समजावून सांगितलं होतं.

त्यांच्या त्या पेन्सिल-शाईची एक हकिकत ते सांगायचे. करवीर तालुक्यातल्या एका गावात दोन भावांची वाटणी मोजायला ते गेले होते. भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. चौगुल्यांनी साखळी ओढणाऱ्या माणसांना बाजूला बसवलं आणि साखळीचं एक टोक थोरल्याच्या हातात, दुसरं धाकट्याच्या हातात दिलं. "तुमचंच शेत, तुम्हीच वडा." दिवसभर दोघं साखळी ओढत होते. ताण कमी पडला की एकमेकांवर ओरडत होते. "वडलं की न्हाई? वड की जरा!" संध्याकाळपर्यंत ओरडण्याचं बोलणं झालं होतं.

"मग मिटलं का?" मी विचारलं.

"मिटतंय कुठलं! पर त्यांनी शाई घालू नका म्हणून सांगितलं. दोन वर्षं तो नकाशा पेन्सिलीतच ठिवलावता मी. सायबाच्या शिव्या खाल्ल्या."

सोमवार, बुधवार, शनिवार, दुपारी चार वाजता तास असायचा. पहाटे मोजणीवर जायचं, दुपारी सायकल मारत यायचं. खिडकीजवळचा शेवटचा बाक त्यांचा. वही नसायची. खात्याचं लांबट फील्डबुक असायचं आणि त्यात ते पानाच्या तळापासून लिहीत वर जायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांनी वही उलटी धरली आहे.

"चौगुले, हे काय?"

"मोजणीची सवय सर. आपण शेतात चालत पुढं जातो तसं पानावरबी पुढं जायाचं. पुढं म्हंजे वर." मग पान माझ्याकडे करून, "तुमचा तास हितनं निघाला, आनी आता हितं आलाय."

मुलांना गंमत वाटायची. संपत तेव्हा वर्गातला सगळ्यात वात्रट. तो म्हणायचा, "चौगुलेमामा, परीक्षेचा पेपरबी खालनं लिव्हणार काय? तपासणाऱ्याला शीर्षासन करायला लागंल." चौगुले शांतपणे म्हणायचे, "तुझा वरनं लिवलेला तर कुठं कळतोय त्याला?"

सगळी मुलं त्यांना मामा म्हणायची. ते पावलं मोजत चालायचे. फाटकापासून वर्गापर्यंत किती पावलं, वर्गापासून पाण्याच्या माठापर्यंत किती, त्यांना सगळं पाठ होतं. जुना नकाशा हातात आला की आधी तो खिडकीपाशी नेऊन आडवा धरायचे, डोळ्यांच्या रेषेत, उजेडाकडे. "खोडलेली रेघ अशी दिसती सर. रबरानं काळं जातंय, पर दाबलेलं ऱ्हातंय." मुलं रांग लावून बघायची आणि खरंच दिसायचं, कुठल्यातरी जुन्या हद्दीचा वळ.

त्या वर्षी पंचगंगेला पूर आला, रस्ते बंद झाले. वर्गात चौघंच होते. तास सुरू झाल्यावर व्हरांड्यात चपला करकरल्या. चौगुले कमरेपर्यंत भिजलेले, फील्डबुक टोपीखाली ठेवलेलं. मी म्हणालो, "अहो, आज नसता आलात तरी चाललं असतं." ते म्हणाले, "हजेरी भराया पायजे न्हवं सर. आमी बाहेरची माणसं."

हजेरीची त्यांना चिंता होती त्याला कारण होतं. विभागात फील्ड इन्स्ट्रक्टरची एक जागा निघणार होती. बी.ए. पूर्ण आणि वरचा तिसरा पेपर पास, एवढं झालं की चौगुल्यांना ती द्यायची असं इनामदार सरांच्या मनात होतं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. चौगुल्यांचा गुडघा वर्षागणिक बिघडत होता. चिखलातून बांध चढणं त्यांना होत नव्हतं. एकदा पाण्याच्या माठापाशी ते मला म्हणाले, "हितं आलो तर हा पाय आणखी वीस वर्षं चालंल, सर." त्यांनी मागितलेलं एवढंच होतं.

दिवाळीच्या सुमारास आम्ही नृसिंहवाडीला सर्वेक्षणाला गेलो. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम आणि घाट यांचा नकाशा मुलांकडून काढून घ्यायचा होता. तिपाईवर सपाट फलक ठेवायचा, होकायंत्राच्या पेटीनं तो उत्तरेला लावून घ्यायचा आणि घाटाच्या टोकाला रोवलेल्या निशाणाकडे तीन ठिकाणांहून तीन रेघा काढायच्या. तीन रेघा एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत. काम माझं होतं, आणि इनामदार सर घाटाच्या पायरीवर बसून बघत होते.

ऊन फार होतं. कागद पांढराशुभ्र, डोळे दिपत होते, म्हणून मी फलकावर छत्री धरली. पहिल्या ठिकाणी धरली, दुसऱ्या ठिकाणी धरली, तिसऱ्याही. रेघा मिळेनात. निशाण एकदा नदीच्या मध्यभागी आलं, एकदा पलीकडच्या तीरावर. मी मुलांवर ओरडलो, तिपाई हलवली म्हणून. पुन्हा केलं. निशाण पुन्हा पाण्यात. दोन तास गेले.

चौगुले सकाळची मोजणी उरकून एसटीनं दुपारी पोहोचले. आले, थोडा वेळ मागे उभे राहिले. मग माझ्या अगदी जवळ येऊन, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, छत्री जरा लांब धरता का? दांडी लोखंडाची हाय."

होकायंत्राजवळ लोखंड नेऊ नये, हे मीच पहिल्या तासाला शिकवलं होतं. मी छत्री हलवली. पेटीतली सुई हलली. छत्री परत आणली, सुई परत वळली. संपत शेजारीच होता. तो मोठ्यानं ओरडला, "अरारारा! सरांची उत्तर दिशा छत्रीत घुसली की रं!"

घाट हसला. मुलं हसली, अंघोळीला आलेले भाविक हसले, इनामदार सर तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसले नाहीत ते फक्त चौगुले. त्यांनी माझ्या हातातली छत्री घेतली, मिटली आणि चार हात लांब जाऊन उभे राहिले. "आता बघा सर, मिळत्यात का." रेघा मिळाल्या. सर म्हणाले, "उरलेलं चौगुल्यांनाच करू द्या आता." यात्रेकरूंचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर घाटावर होता. त्याला सरांनी बोलावलं. फोटो निघाला तेव्हा छत्री चौगुल्यांच्या हातात होती आणि ती जवळ आणायला नको म्हणून ते अजून लांबच उभे होते.

सोमवारी वर्गात गेलो तर फळ्यावर खडूनं छत्री काढलेली. त्या दिवसापासून मी 'छत्री सर' झालो. शिवाजी पेठेत राहायचो, तिथल्या तालमीतली पोरंसुद्धा गल्लीत मला त्याच नावानं ओळखायला लागली. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. चौगुले माझ्याशी पूर्वीसारखेच वागत होते, उलट जास्तच जपून. त्याचाच मला राग यायचा. हे इन्स्ट्रक्टर म्हणून आले की रोज प्रात्यक्षिकाला माझ्या शेजारी उभे राहणार आणि मी काय करतो ते त्या शांत डोळ्यांनी बघणार, हे मला सोसेना.

पुढचं सांगतो, ते सांगण्यासाठीच हा खटाटोप.

डिसेंबरात मंजुरीचं पत्र आलं. पेपर शिकवणारा म्हणून माझ्या नावावर आलं. दोन ओळींचं. मी ते वाचलं आणि नकाशांच्या कपाटातल्या खालच्या खणात, मोठ्या कागदांच्या खाली ठेवलं. मी ठरवून काही केलं नाही, असं स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. उद्या शाई फिरवू, असं म्हणालो होतो. उद्या पुष्कळ आले. प्रत्येक वेळी हजेरी घेताना तांबड्या रेघेखालचं ते नाव दिसायचं, मी त्यापुढे पेन्सिलीची खूण करायचो आणि पट मिटायचो.

तेवढ्यात इनामदार सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि ते मिरजेला गेले, तीन महिन्यांच्या रजेवर. विचारणारं कुणी उरलं नाही.

चौगुल्यांनी तीन वेळा विचारलं.

"सर, मंजुरीचं काय कळलं?"

"नाही अजून."

महिन्यानं : "सर, मी जाऊन बघू का कार्यालयात?"

"नको. मी पाठपुरावा करतोय. तुम्ही मध्ये पडलात तर उगीच बिघडेल."

तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी नकारार्थी मान हलवली.

परीक्षेच्या दिवशी ते सकाळी लवकर आले. परीक्षा क्रमांकांची यादी दाराबाहेर लावली होती. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो. त्यांनी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. मग माझ्याकडे आले. हातात लाकडी पेटी होती, तीत टाक-पेन आणि दोन्ही टोकं केलेल्या दोन पेन्सिली.

"सर, नाव न्हाई."

"मंजुरी आली नाही, चौगुले."

"न्हाई आली?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, भांडतील. कोल्हापुरात एवढ्याशा कारणावरून माणसं अंगावर येतात. ते पायरीवर जाऊन बसले. तीन तास बसून होते. मुलं बाहेर आल्यावर त्यांनी संपतकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि पलीकडच्या कडुनिंबाखाली बसून फील्डबुकात सगळी उत्तरं लिहिली. हे मला संपतनंच नंतर सांगितलं. "घड्याळ लावून लिवलं सर मामांनी. तीन तास म्हंजे तीन तास." त्यांनी तो पेपर कुणाला दाखवला नाही. कुणी मागितलाही नाही.

वर्ष संपलं, हजेरीपट जमा करायचा होता. मंजुरी नसलेलं नाव पटात कसं, असं उद्या कुणी विचारलं असतं. मी रबर घेतलं आणि नाव खोडलं. त्यापुढच्या खुणा खोडल्या, एकूण एक. पुरातल्या दिवसाचीही.

सर रजेवरून परतले. काळा चष्मा होता, डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. त्यांनी विचारलं, "चौगुल्यांचं काय झालं?"

मी म्हणालो, "त्यांची हजेरी भरली नाही सर. शेवटी शेवटी येईनासे झाले."

"असं?" सर म्हणाले. "वाटलं नव्हतं." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. जागा दुसऱ्याला गेली. पत्र दडवणं हा एक गुन्हा झाला. पण हे वाक्य मी डोळे अधू झालेल्या माणसासमोर, जो पट वाचू शकत नव्हता त्याच्यासमोर बोललो. जड हेच होतं, आजही आहे.

जूनमध्ये चौगुले एकदा आले. सरावासाठी नेलेला नकाशा परत द्यायला. मी टेबलापाशी होतो आणि पट टेबलावर होता. कार्यालयात गडबड म्हणून परत पाठवला होता. त्यांनी नकाशा ठेवला. मी "बसा" म्हणेपर्यंत त्यांनी पट उचलला होता. शेवटचं पान उघडलं, खिडकीशी गेले आणि आडवं धरलं. डोळ्यांच्या रेषेत, उजेडाकडे.

पटाच्या कडेवरून त्यांचा अंगठा त्या जागेवर एकदा फिरला.

मग त्यांनी पट होता तसा, टेबलाच्या कडेला समांतर ठेवला. "गगनबावड्याला बदली झालीया माझी," म्हणाले. "तिकडं पाऊस लई."

"चहा घेऊन जा, चौगुले."

"नको. एसटी हाय."

चपलांचा आवाज व्हरांडाभर ऐकू येत राहिला. पाय ओढल्यानं तो एका बाजूला जास्त होता.

काही वर्षांनी दशकपूर्तीची स्मरणिका निघाली. त्या फोटोखाली नावं लिहायला बसलो तेव्हा संपादनाला मदत करणाऱ्या सहकाऱ्यानं विचारलं, "हा छत्रीवाला कोण? पटात तर बारा नावं आहेत आणि हा तेरावा." नाव सांगितलं असतं तर तो इथे कसा, हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "शिपाई असेल." इनामदार सर तोवर वारले होते.

ऐंशीच्या दशकात, मी विभागप्रमुख झाल्यावर, एका दुपारी खोलीत बसलो होतो आणि व्हरांड्यात चपला करकरल्या. मी पेन खाली ठेवलं. दारात चपला काढून चौगुले आत आले. टोपीखाली केस पांढरे, गुडघा आता वाकतच नव्हता, काठी होती. सोबत वीसेक वर्षांची मुलगी.

"ही शालन. धाकटी." मुलीला म्हणाले, "पाया पड सरांच्या."

"नको, नको," मी म्हणालो. ती तोवर वाकली होती.

शालन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला वरचा तिसरा पेपर घ्यायचा होता. अर्ज तिनं स्वच्छ अक्षरात आणला होता. पेपर तेव्हाही मीच शिकवत होतो. मी सही केली, हजेरीपट मागवला, तांबडी रेघ मारली आणि खिशातलं शाईचं पेन उघडलं.

चौगुल्यांनी काठी टेबलाला टेकवली. "सर, मंजुरी यायची हाय अजून."

"येईल. माझीच तर शिफारस आहे."

"येऊ द्या की. तवर पेन्सिलीनंच घाला. नेम हाय तो." मग जरा थांबून, त्याच जुन्या हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "मंजुरी आली म्हंजे तेवढी आठवणीनं शाई फिरवा."

मी पेन्सिलीनं लिहिलं. वर बघवलं नाही.

मंजुरी तीन आठवड्यांनी आली. शिपाई पत्र घेऊन आला आणि मी ते उभ्यानंच वाचून तसाच वर्गात गेलो. पट उघडला आणि शालनच्या नावावर शाई फिरवली. एकेक अक्षर सावकाश. वर्गाला कळेना, सर हजेरी न घेता काय करतात. शाई वाळेपर्यंत थांबलो. मग बाहेर आलो. चौगुले तिला रोज एसटीनं घेऊन यायचे आणि तास संपेपर्यंत पायरीवर बसून राहायचे.

"आलं पत्र," मी म्हणालो. "नाव शाईत घातलं."

"बरं झालं."

"चौगुले, आत येऊन बसा. ऊन आहे इथं. तास ऐका."

खूप वर्षांनी मी त्यांना हसताना पाहिलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी कसा बसू सर? माझं नाव कुठं हाय पटात?"

तेव्हा बोलायला हवं होतं. पत्र आलं होतं, खणात होतं, मी खोटं बोललो, एवढी तीन वाक्यं होती. त्यांना ती माहीत होती. माझ्या तोंडून ऐकायची होती की नव्हती, ते मला कधीच कळलं नाही. मी म्हणालो, "बरं, पाणी तरी घ्या," आणि आत गेलो.

चौगुले वारल्याचं मला त्यानंतर दोन वर्षांनी, शालनला नोकरी लागल्याचे पेढे आले तेव्हा कळलं.

संपत परवा येईल. त्याला एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे. 'उजवीकडे छत्री घेऊन उभे : श्री. बाबूराव चौगुले, उचगाव. विद्यार्थी, तिसरा पेपर. हजेरी पूर्ण.' चिठ्ठीबरोबर हे लिखाणही देणार आहे. त्यातलं काही गाळू नकोस, असं त्याला सांगायचं आहे.

शालनचं नाव शाईत घातलं त्या दुपारचं शेवटचं दिसलेलं तेवढं सांगून थांबतो. मी आत जाऊन शिकवायला लागलो. विषय तोच होता, समोच्च रेषा. खिडकी उघडी होती आणि मी गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होतो. फळ्याकडून वळलो तेव्हा बाहेर पाहिलं. पायरीखाली चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या, वर्गाबाहेर ठेवतात तशा. काठी शेजारी आडवी. चौगुल्यांनी पिशवीतून लांबट फील्डबुक काढलं, चांगल्या गुडघ्यावर ठेवलं, पेन्सिलीचं टोक पाहिलं आणि पानाच्या तळापासून लिहायला सुरुवात केली.